प्रवरेकाठी, बेचिराख गावी

श्रीरामपूरला निघालो असे सांगितले की पुण्यामुंबईकडचे लोक हटकून दोन प्रश्न विचारतात. "म्हणजे शिर्डीजवळ ना?" हा पहिला, आणि "तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात माझ्या पुष्कळ दिवाळ्या गेल्या, आणि गेल्या दिवाळीत ते दोन मुलांना समजावून देण्याची पाळी आली तेव्हा माझी चांगलीच परीक्षा झाली.

माझी थोरली बहीण लग्न होऊन श्रीरामपूर तालुक्यात गेली. तिचे घर गावात नाही; बेलापूरच्या बाजूला, वस्तीवर आहे. चार खोल्या, पुढे ऐसपैस ओटा, मागे गोठा आणि कुंपणाला लागून पाण्याची चारी. पाटाला आवर्तन सुटले म्हणजे रात्रभर उशाशी खळखळ ऐकू येते. मुले नोकऱ्यांसाठी बाहेर गेली, भावजी वारले, तरी ताई काही वस्ती सोडायला तयार नाही. तेव्हा दिवाळीत आम्ही सगळेच तिच्याकडे जमतो, आणि ते घर आता साऱ्या गोतावळ्याचे सुटीचे घर झाले आहे. गेल्या खेपेस तिची नातवंडे मुंबईहून आली होती. थोरली ओवी तेरा वर्षांची, धाकटा ईशान नऊ वर्षांचा.

इथे यायचे म्हणजे बेलापूर स्टेशनावर उतरायचे. श्रीरामपूरच्या स्टेशनाचे नाव अजूनही बेलापूरच आहे, आणि मूळ बेलापूर गाव तिथून पाचसहा किलोमीटर लांब, प्रवरेच्या काठी. एका वर्षी आमचे एक पाहुणे नवी मुंबईच्या बेलापुरात उतरून आम्हाला फोन करीत राहिले होते! पण या गोंधळातच या शहराची जन्मकथा आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनने फार भोगला. त्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडणाऱ्या माणसांच्या हातून दौंड-मनमाड लोहमार्गाचे काम झाले आणि १८७८ साली त्यावरून गाडी धावू लागली. स्टेशनाला नाव दिले जवळच्या नांदत्या गावाचे. पुढे स्टेशनाभोवती वखारी आल्या, बाजार आला, राममंदिर आले आणि श्रीरामपूर नावाचे शहर उभे राहिले. रामनवमीची यात्रा इथे फार मोठी भरते. वेशी, वाडे, जुने घाट मात्र तुम्ही इथे शोधू नयेत. शहरच मुळी आगगाडीच्या मागून आलेले.

"म्हणजे इथं किल्ला नाही?" ईशानने विचारले. मुलांनी अंगणात दिवाळीचा किल्ला करायला घेतला होता आणि त्याला नमुना म्हणून जवळपासचा खरा किल्ला हवा होता.

"नाही रे बाबा," मी म्हणालो. "जवळातला जवळ म्हणजे नगरचा भुईकोट."

"मग आपण इथं काय बघायचं?"

झाले! तोच प्रश्न पुन्हा, आणि या वेळी घरातूनच.

शिर्डी आणि शनिशिंगणापूर ही दोन ठिकाणे ताईच्या घरून सकाळी निघून संध्याकाळी परतण्यासारखी आहेत. पण सुटीतली तिथली गर्दी मला झेपत नाही आणि त्यांच्याविषयी लिहिणारे लोक पुष्कळ आहेत. म्हणून पहिल्या दिवशी मी मुलांना घेऊन नुसता पाटाच्या कडेने निघालो. सोबत शेजारच्या वस्तीवरचे नाना होते. नाना ऐंशीच्या घरातले. त्यांच्या पायाला या रानातला बांध न बांध ठाऊक.

पाट पाहायला नेतो म्हटल्यावर मुलांनी नाके मुरडली. पण या मुलखात पाटाइतकी पाहण्यासारखी गोष्ट दुसरी नाही. प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते. भंडारदऱ्याला तिला अडवण्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्या धरणाला दिले. धरणातून सोडलेले पाणी नदीनेच खाली येते, संगमनेरजवळ ओझरला बंधाऱ्याने उचलले जाते आणि दोन्ही तीरांवरच्या कालव्यांनी रानात पसरते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर कारखाने उभे राहिले. हरेगावचा कारखाना, महादेव दहाणूकरांनी १९३३ साली काढलेला टिळकनगरचा कारखाना, आणि पुढे १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना, हे सारे एकाच पाण्याचे गोत. सप्टेंबरात हरेगावी मतमाऊलीची यात्रा भरते तेव्हा ख्रिस्ती भाविकांबरोबर बाकीचेही हजारो लोक तिथे येतात. तेही पाहण्यासारखे, पण आम्ही दिवाळीत गेलेलो.

"हे सगळं हिरवं दिसतंय ना पोरांनो," नाना म्हणाले, "ह्यात आमच्या आज्याचं रान होतं. साखरेसाठी खंडानं गेलं. आज्यानं नाही परत पाहिलं, बापानंही नाही."

ओवीला "खंडाने" म्हणजे काय ते कळेना. ते सांगावे लागले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सरकारने या भागातल्या शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खाजगी साखर कारखान्यांसाठी दीर्घ मुदतीच्या खंडाने मिळवून दिल्या. मुदती संपल्या तरी जमिनी सुटल्या नाहीत. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कारखान्यांकडची रानेच सरकारजमा झाली आणि ती कसण्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ निघाले. मूळ मालक 'खंडकरी' या नावाने अर्ज, मोर्चे, कोर्टकचेऱ्या करीत राहिले. २०१२ च्या सुमारास त्यांतल्या बऱ्याच जणांना जमिनी परत मिळू लागल्या. तोवर तीन पिढ्या गेल्या होत्या. नानांना मिळालेला तुकडा त्यांनी आम्हाला दाखवला. त्यात कांद्याचे रोप होते. बांधाजवळच्या एका पट्ट्यावर मात्र पांढरट मीठ फुटले होते; पाटपाणी अति झाले आणि निचरा झाला नाही म्हणजे जमीन अशी खारवटते.

"पाण्यानं दिलं, पाण्यानंच नेलं," नाना म्हणाले आणि विडी पेटवायला थांबले.

दुसऱ्या दिवशी दायमाबाद. श्रीरामपूरपासून पंधरा-वीस किलोमीटर, प्रवरेच्या डाव्या तीरावर. मी नाव काढताच नाना हसले. "काय पाह्यचंय तिथं? पांढरीचं टेकाड हाये नुसतं. गाव बेचिराख हाये."

हा शब्द आता ऐकू येत नाही. महसुलाच्या दप्तरात गावाचे नाव आहे, शिवार आहे, पण वस्ती नाही, अशा गावाला बेचिराख म्हणत. चिराख म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते बेचिराख. मी ओट्यावर हा अर्थ सांगत होतो आणि ताई आत करंज्या तळत होती. ती तशीच झारा हातात घेऊन बाहेर आली. "ऐन दिवाळीत बेचिराख गावी नेतोस पोरांना? मग एक पणती तरी ठेवून या बाई तिथे." आणि तिने खरोखरच पणती, वात आणि तेलाची लहान बाटली पिशवीत घालून दिली.

टेकाड दिसायला नानांनी सांगितले तसेच. नदीचा उंच काठ, बाभळी, पांढुरकी माती, आणि पायाखाली खापऱ्याच खापऱ्या. ईशानचा चेहरा पडला. मग मी त्यांना एका कडेला बसवले आणि सांगू लागलो.

१९५८ साली पुरातत्त्व खात्याचे बोपर्डीकर इथे आले आणि त्यांनी ही जागा ओळखली. लगेच १९५८-५९ साली म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली पहिले उत्खनन झाले. लोथल खणून काढणारे एस. आर. राव यांनी १९७४-७५ साली इथे काम केले आणि त्यानंतर १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांनी. जवळजवळ पाच मीटर जाडीचा मानवी वस्तीचा थर निघाला. एकावर एक पाच वस्त्या! सर्वात खालची इसवी सनापूर्वी सुमारे २३०० ची, सर्वात वरची इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास संपलेली. म्हणजे ज्ञानेश्वरांपासून आपण जितके दूर त्याच्या तिपटीहून अधिक दूर ज्ञानेश्वरांपासून हे लोक. खालून दुसरी वस्ती सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातील लोकांची. त्यांच्या लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या दोन मुद्रा इथे मिळाल्या. सिंधू संस्कृतीच्या नकाशात दक्षिणेच्या टोकाला दायमाबाद हे नाव छापलेले असते.

"हे आमच्या पुस्तकात आहे!" ओवी एकदम म्हणाली. "पण ते इथं आहे?"

त्या 'इथं'वर तिने दिलेला जोर मला फार आवडला.

सर्वात वरच्या वस्तीला जोर्वे संस्कृती म्हणतात. जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव, तेही प्रवरेच्याच खोऱ्यातले. तिथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खोदकाम केले आणि लाल मातीवर काळी नक्षी असलेल्या भांड्यांना त्या गावाचे नाव मिळाले. जोर्वेकाळात दायमाबाद चांगलेच ऐसपैस होते. सुमारे तीस हेक्टर. गहू, जव, मसूर पिकवणारे, मातीच्या भिंतींच्या घरांत राहणारे लोक. आणि वस्तीभोवती मातीच्या तटाच्या आणि बुरुजांच्या खुणा सापडल्या आहेत.

"म्हणजे किल्ला!" ईशान उभाच राहिला.

"किल्ला म्हण हवे तर. तुझ्या अंगणातल्यासारखाच, मातीचा."

पण खरी गोष्ट पुढेच होती. १९७४ साली इथल्याच एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना धातूच्या चार मूर्ती सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि चौथा बैलांचा रथ. भरीव ओतकाम, चारींचे मिळून वजन साठ किलोहून जास्त. रथ पंचेचाळीस सेंटीमीटर लांब. दोन बैल जुंपलेले, मागे उभा सारथी, आणि दांड्यावर चक्क एक कुत्रा. बैलगाडीबरोबर कुत्रा निघतोच, हे चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला माहीत होते म्हणायचे! गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या मूर्तींचे छायाचित्र पाहून आपलेच काहीतरी पाहिल्यासारखे वाटते. पण हे खेळणे नव्हे. असला जड गेंडा कोणते मूल ओढणार? मिरवणुकीत देवाबरोबर नेत असावेत, असे काही विद्वानांना वाटते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या मूर्ती नक्की कोणत्या काळातल्या याविषयी जाणत्यांत एकमत नाही. बरेच जण त्या उत्तर सिंधूकाळातल्या मानतात. पण त्या पद्धतशीर उत्खननात थरातून निघालेल्या नाहीत, आणि त्यांच्या तांब्यात सोमलाचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, तसे त्या काळच्या इतर वस्तूंत आढळत नाही, म्हणून काहींनी त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात अशी शंका घेतली. मला स्वतःला पहिले मत पटावेसे वाटते. मात्र वाटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते, एवढे मी मुलांना सांगितले.

"मग त्या कुठे आहेत? दाखवा ना."

"इथे नाहीत. रथ दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाकीचे तिघे..." मी जरा थांबलो. "बाकीचे तिघे तुमच्या मुंबईत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात."

दोघे माझ्याकडे पाहतच राहिली. त्या संग्रहालयावरून त्यांची शाळेची बस जाते! मुंबईतली मुले दोनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून एका टेकाडावर येऊन बसली होती, आणि टेकाडावरचा हत्ती त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर होता. नानांना हे फार मजेचे वाटले. "चांगलं निघालं की ते मुंबईला जायाचंच," ते म्हणाले. "साखर गेली, हत्तीबी गेला."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मूर्ती संग्रहालयात सुखरूप आहेत हे उत्तर खरे असले तरी त्या वेळी ते पुरेसे वाटेना.

"पण ही माणसं गेली का?" ओवीने विचारले. यावरही विद्वानांचा एकच एक निकाल नाही. पण पाऊसमान घटत गेले, नदीच्या आधाराने चालणारी शेती भागेनाशी झाली आणि दख्खनमधली ही गावे एकामागून एक ओस पडली, असा एक तर्क प्रा. म. के. ढवळीकरांनी मांडलेला आहे. हा तर्क ऐकताना नानांनी प्रथमच मान हलवली.

निघताना ईशानच्या मुठीत नक्षीची एक खापरी दिसली. अशा जागेवरून कणही उचलून न्यायचा नसतो. कुठल्या थराजवळ काय पडले आहे यावरूनच तर सगळा इतिहास वाचतात. त्याने ती मोठ्या नाखुशीने होती तिथे ठेवली. ओवीने पणती लावली. नदीवरून वारा येत होता, दोनदा विझली. तिसऱ्यांदा नानांनी तळहाताचा आडोसा धरला, आणि आम्ही बाभळीपर्यंत पोचेतो ती तेवत असलेली दिसत होती.

तिसऱ्या दिवशी नेवासे. श्रीरामपूरहून पूर्वेला तासाभराची वाट. या वाटेवर नदीची पुराणकथा सांगायची असते. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. देवदानवांना अमृत वाटण्यासाठी विष्णूने मोहिनीचे रूप घेतले ते नेवाशात. म्हणून तिथे मोहिनीराजाचे देऊळ. आताची सुबक इमारत अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी बांधलेली. चोरून अमृत पिणाऱ्या राहूचे शिर उडाले ते पडले राहुरीला, आणि काया पडली कायगावला. ईशानला ही कथा फार पटली, कारण तिच्यात सगळ्या बसथांब्यांची नावे येतात.

नेवाशात ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे परंपरा मानते तो पैसाचा खांब. आता त्याच्याभोवती नवे देऊळ आहे. पण खांब जुन्या करवीरेश्वराच्या देवळातला. भोवतालचे सारे गेले आणि एक दगड उभा राहिला. त्याच्यावर संस्कृत लेख आहे. लोक खांबाला डोके टेकवतात, लेखाकडे फार कोणी पाहत नाही. मी मुलांना मुद्दाम तो दाखवला. त्यात ज्ञानेश्वरांचे नाव नाही. करवीरेश्वरापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी कोणा दात्याने दिलेल्या देणगीची ती नोंद आहे. दान पुढे कोणी बंद करू नये म्हणून ते दगडावर कोरलेले.

ओवी बराच वेळ तिथे उभी होती. नाव ओवी ठेवलेली मुलगी त्या खांबाशी यायला तेरा वर्षे लागली, याबद्दल मी तिच्या आईला नंतर दोन शब्द बोललो.

याच गावात लाडमोड नावाचे टेकाड आहे. १९५४ ते ५६ या काळात सांकलियांनी ते खणले. वर मराठी आणि मुसलमानी अमदानीचे अवशेष, खाली सातवाहनकाळ आणि त्यात रोमन जगातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे, त्याखाली ताम्रपाषाणयुग. जोर्वेकाळातले लोक लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरीत. नेवाशात अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांतला दोरा तीन हजार वर्षे टिकला होता. तपासला तेव्हा तो रेशमाचा, कापसाच्या पेळूवर कातलेला निघाला. सणासुदीला हे मुलांना सांगावे की नाही, असे मला वाटले होते. पण संध्याकाळी ताईने ते ऐकले आणि म्हणाली, "घरातच ठेवलं म्हणायचं. बाहेर कुठं टाकवेल?" आणि दिवे लावायला उठली.

टोक्याला संगमावर पोचेपर्यंत उन्हे कलली होती. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते. काठावर सिद्धेश्वराचे देऊळ आहे, कोरीव आणि निवांत. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण झाल्यापासून नाथसागराचे पाणी थेट इथवर फुगते, त्यामुळे कोणती नदी कोणती ते ओळखू येत नाही. मुलांनी पाण्यात पाय सोडले आणि मी घाटावर बसून शेंगा खाल्ल्या. या जागेविषयी याहून जास्त लिहिण्याची मला इच्छा नाही. जाऊन बसावे अशी ती आहे.

भाऊबीजेच्या रात्री अंगणातल्या किल्ल्यात फेरबदल झालेला दिसला. शिवाजी महाराज वर होतेच. पण खालच्या बाजूला मातीचा एक वेगळा तट उठला होता आणि आत चिखलाचा एक रथ, त्याला औषधाच्या बाटल्यांची झाकणे चाके म्हणून. दांड्यावर कुत्राही होता.

मुले मुंबईला गेली. जानेवारीत एका रविवारी दुपारी फोन वाजला. मागे पुष्कळ माणसांचा गलबला ऐकू येत होता.

"मामाआजोबा," ईशान ओरडून सांगत होता, "आम्ही हत्तीसमोर उभे आहोत. पण हत्तीला चाकंच नाहीत! नुसती आसासाठी भोकं आहेत. नानांना विचारा ना, चाकं तिथंच राहिलीत का?"

मी दुसऱ्या दिवशी नानांना फोन केला. ते म्हणाले, कांदे निघाले की एक चक्कर मारून बघतो.